हेल्मेट जुनं आहे, पण ते सगळं एकाच हेल्मेटचं आहे का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लष्करी हेल्मेटांवरचा लेख वाचला. मनापासून आवडला, कारण या विषयावर मराठीत कोणी फारसं लिहीत नाही आणि तुम्ही चक्क पाऊण पान दिलंत. पण लेखाबरोबरच्या मोठ्या फोटोखाली 'जर्मन अधिकाऱ्याचं हेल्मेट, संपूर्ण मूळ अवस्थेत' असं छापलंय, आणि माझी नजर त्या ओळीवरच अडकली. हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

फोटोतलं हेल्मेट म्हणजे पिकलहाउब. डोक्यावर अणी असलेलं, उकळून कडक केलेल्या चामड्याचं, प्रशिया या जर्मन राज्याचा राजा चौथा फ्रेडरिक विल्हेल्म यानं १८४२ मध्ये सैन्यात आणलेलं. आता फोटो जरा जवळून बघा. अणीच्या बुडाचा पत्रा ज्या खिळ्यांनी बसवलाय त्यांची डोकी चांदणीच्या आकाराची आहेत आणि अणीच्या मानेभोवती मण्यांची बारीक कडी आहे, या दोन्ही खुणा अधिकाऱ्याच्या, इथपर्यंत सगळं बरोबर. पण हनुवटीचा पट्टा साधा चामड्याचा आहे, अधिकाऱ्याला धातूच्या खवल्यांचा असायचा. बाजूचं गोल रंगीत चिन्ह, ज्याला कोकार्डं म्हणतात, ते एकाच पत्र्यातून ठोकलेलं दातेरी कडेचं, म्हणजे शिपायाचं. आणि पुढच्या छज्जाची खालची बाजू फोटोत काळी दिसतेय, जी अधिकाऱ्याच्या हेल्मेटात हिरवी असते आणि मागच्या छज्जाची लाल. म्हणजे अणी अधिकाऱ्याची आणि बाकीचं धड शिपायाचं. हे मी फोटोवरून सांगतोय, हातात घेतल्याशिवाय शंभर टक्के कोणीच सांगू नये, आणि जर्मन सैन्यात एक वर्षासाठी स्वखर्चानं भरती होणारे तरुण स्वतःच्या पैशानं भारी हेल्मेट बनवून घ्यायचे हेही खरं आहे, त्यामुळे शिपायाच्या हेल्मेटात भारी माल दिसला की लगेच खोटं म्हणता येत नाही. पण चांदणीचे खिळे आणि असा पट्टा एकत्र दिसले की 'संपूर्ण मूळ' हे दोन शब्द लिहायच्या आधी निदान ते हेल्मेट उलटं करून आत बघायला हवं होतं.

लेखात ओळखायच्या खुणा म्हणून गंज, वजन, चामड्याचा वास वगैरे दिलंय. ते चूक नाही, पण त्यानं फक्त वस्तू जुनी आहे का एवढंच कळतं. खरं पाणी मुरतं ते दुसरीकडे. साफ नकली हेल्मेट थोडा सराव झाला की ओळखू येतं. फसवणूक होते ती जोडलेल्या हेल्मेटात, ज्यातला प्रत्येक भाग खरा असतो, शंभर वर्षांचा असतो, वासही जुना येतो, फक्त ते भाग कधी एका डोक्यावर बसलेले नसतात. एका तुटक्या हेल्मेटची अणी, दुसऱ्याचं पुढचं चिन्ह, तिसऱ्याचं अस्तर. म्हणून 'हे जुनं आहे का' हे विचारून झालं की 'हे सगळे भाग एकमेकांसोबत जुने झालेत का' हे विचारायचं, आणि त्याचं उत्तर जवळजवळ नेहमी आतल्या बाजूला असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होते, लोक बाहेरून भिंग लावून बसतात.

माझाच अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक बव्हेरियन, म्हणजे बव्हेरिया या दुसऱ्या जर्मन राज्याचं, पिकलहाउब घेतलं होतं, पुढे दोन सिंह ढाल धरून उभे, खाली 'इन ट्रॉये फेस्ट', म्हणजे निष्ठेत अढळ, हे बव्हेरियाचं ब्रीद, बाजूला पांढरं-निळं-पांढरं कोकार्डं. तीन वर्षं ते कपाटात होतं आणि मी येणाऱ्या जाणाऱ्याला अभिमानानं दाखवायचो. एकदा पुढचं चिन्ह जरा हलतंय असं वाटलं म्हणून आतून बघितलं. शिपायाच्या हेल्मेटात हे चिन्ह मागच्या दोन पितळी कड्यांवर बसतं, कड्या चामड्यातून आत येतात आणि त्यात चामड्याची छोटी पाचर सरकवलेली असते. त्यातली एक पाचर सुकून गळून पडली होती. दुसरी हळूच काढली आणि चिन्ह उचललं. खालचं चामडं बाकीच्यापेक्षा काळंभोर आणि चकचकीत, ते असणारच, कारण इतकी वर्षं तिथं उजेड आणि हात पोचलेला नाही. पण त्या काळ्या भागाचा आकार सिंहांचा नव्हता. दोन्ही बाजूला पसरलेले पंख होते, वरच्या कडेला पिसांच्या टोकांचे ठसेसुद्धा. प्रशियाचा गरुड. आणि सिंहांच्या कड्यांच्या दोन भोकांच्या जरा बाजूला आणखी दोन जागा, बोटाला किंचित गुळगुळीत लागणाऱ्या. टाचणी लावली तर ती आत रुतली, काळं मेण होतं. म्हणजे कोणीतरी प्रशियन हेल्मेटचा गरुड काढून, भोकं मेणानं बुजवून, त्यावर बव्हेरियाचे सिंह बसवले होते. सिंह खरे होते, हेल्मेटही खरं होतं. ज्याच्याकडून घेतलं त्याला हे माहीत होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, त्याच्याकडेही ते तसंच आलं असेल, त्यामुळे त्याच्यावर आरोप नाही. पण त्या दिवशी वाईट वाटलं ते खूप वाटलं.

तेव्हापासून मी सगळ्यात आधी भोकं मोजतो. चामड्यात असो की पत्र्यात, गरजेपेक्षा जास्त भोक म्हणजे तिथं कधीतरी दुसरं काहीतरी होतं. जुन्या भोकाची कड दबलेली, गोलसर, आतून काळवंडलेली असते, आणि नव्यानं पाडलेल्या भोकात चामड्याचे तंतू फिकट तपकिरी दिसतात. आतलं अस्तर बोटानं हलकेच बाजूला करून टॉर्च तिरकी धरली की हे दिसतं, समोरून सरळ उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं आणि काहीच कळत नाही. पुढचं चिन्ह कशानं धरलंय तेही बघायचं, शिपायाचं कडी आणि पाचरीवर, अधिकाऱ्याचं साधारणपणे आटे पाडलेल्या दांडीवर नटानं आवळलेलं, त्यामुळे शिपायाच्या हेल्मेटात आत नट दिसले किंवा अधिकाऱ्याच्या हेल्मेटात पाचरी दिसल्या की थांबायचं. कुठेही चार खाचांचा, फुलीसारख्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचाच, पहिल्या महायुद्धातल्या हेल्मेटात त्याचं काही काम नाही. कोकार्ड्यांचंही तसंच, काळं-पांढरं-लाल साम्राज्याचं कोकार्डं १८९७ पासून उजव्या बाजूला आलं आणि त्या त्या राज्याचं डावीकडे गेलं, हे माहीत असेल तर डावी-उजवी अदलाबदल झालेली एका नजरेत कळते.

एक कळकळीची विनंती मात्र वाचकांना करायची आहे, हे वाचून कोणी घरचं हेल्मेट लगेच खोलायला बसू नका. पितळी फाट्याच्या पिना दोनचारदा वाकवल्या की तुटतात, सुकलेल्या पाचरींचा भुगा होतो, आणि एकदा भाग हलला की तो मूळ जागीच होता हा पुरावाही आपणच घालवून बसतो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग आतून बघा, आणि खरंच सैल असेल तेवढंच उचला. पितळ घासून लखलखीत तर अजिबात करू नका, कारण चिन्हाच्या कडेला साचलेली घाण आणि हिरवट थर चामड्यावरच्या डागाशी जुळतो की नाही हीच तर मोठी साक्ष असते.

आता पोलादी हेल्मेट. तिथं काम थोडं सोपं आहे कारण आकडे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हेल्मेटच्या आत डाव्या बाजूच्या कडेला कारखान्याची खूण आणि साइझ ठोकलेली असते, उदाहरणार्थ ईटी ६४, ईटी म्हणजे थालेचा कारखाना आणि ६४ म्हणजे टोपाचा, बाहेरच्या पोलादी कवचाचा, साइझ. आतलं चामडी अस्तर ज्या धातूच्या पट्टीवर असतं तिच्यावरही आकडे असतात, ६४ एन. ए. ५७ असे (एन. ए. ही 'नव्या पद्धतीचं' याची जर्मन आद्याक्षरं), म्हणजे ६४ च्या टोपासाठी आणि ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्यासाठी. टोपावर ६४ आणि पट्टीवर ६६ असेल तर ते अस्तर दुसऱ्या हेल्मेटातून आलंय, मग बाहेरचा रंग कितीही सुंदर असो. इतकी सरळ गोष्ट आहे आणि तरी विकणारे टोपाचा आकडा सांगतात, पट्टीचा कोणी सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

अस्तर धरणाऱ्या तीन पिना असतात, त्या बाहेरून बारीक टिकलीसारख्या दिसतात, त्यांच्याकडे नीट बघा. सैनिकानं हेल्मेटवर पुन्हा रंग मारला असेल तर तो टिकलीवरूनही गेलेला असतो आणि टिकली व पत्रा यांच्या सांध्यावर रंगाचा थर अखंड असतो. तो थर गोल चिरलेला असेल, किंवा टिकलीचा रंगच वेगळा असेल, तर त्या रंगानंतर पिना काढल्या गेल्यात. आतून पिनेचे पाय बघायचे, एकदाच वाकवलेल्या पायाला एकच वळण असतं, पुन्हा पुन्हा वाकवलेल्याला शेजारी शेजारी दोन कुरकुरीत घड्या दिसतात. आणि पट्टी पत्र्याला जिथं टेकते तिथं इतक्या वर्षांत एक कड उमटते, गंजाची किंवा रंग घासल्याची, ती कड आणि आत्ताची पट्टी एका जागी यायला हवी.

मॉडेलचं वर्ष आणि त्यावरची चिन्हं यांचाही मेळ बसवावा लागतो. १९३५ च्या मॉडेलला हवेच्या भोकात वेगळी छोटी नळी बसवलेली असते, १९४० च्या मॉडेलला ते भोक पत्र्यातच उठवलेलं असतं, आणि १९४२ च्या मॉडेलची कड आत वळवलेली नसते, तशीच उघडी आणि बाहेर झुकलेली असते. जर्मन लष्करानं उजव्या बाजूची तिरंगी ढाल १९४० मध्ये बंद केली आणि १९४३ मध्ये गरुडाचं चिन्हही लावणं थांबवलं. मग लष्कराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या उघड्या कडेच्या हेल्मेटवर तिरंगी ढाल आली कुठून? साध्या हेल्मेटवर जास्त मागणी असलेलं चिन्ह चिकटवलं की त्याचा भाव कितीतरी वाढतो, सगळं मूळ इथं आहे. हेल्मेट खरं, फक्त त्याचं आयुष्य खोटं लिहिलेलं, आणि ज्या सैनिकानं ते प्रत्यक्ष घातलं त्याचा मागमूस त्या चिकटवलेल्या चिन्हाखाली पुसला जातो. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

अमेरिकन एम-१ हेल्मेटात तर तारखांचा हिशोब अजून रंगतो. टोपाच्या कडेला जी पट्टी असते तिचा सांधा आधी पुढे असायचा, १९४४ च्या अखेरीस तो मागे गेला. हनुवटीच्या पट्ट्याची कडी आधी टोपाला पक्की जोडलेली असायची, ती मोडायची म्हणून १९४३ च्या अखेरीस हलती कडी आली. म्हणजे पुढे सांधा आणि पक्की कडी चालेल, पुढे सांधा आणि हलती कडीही चालेल, पण मागे सांधा आणि पक्की कडी? पक्की कडी बंद होऊन वर्ष झाल्यावर मागचा सांधा आला, मग या दोघांची गाठ पडली कशी? तर नॉर्मंडीच्या, ६ जून १९४४ च्या, लढाईतलं म्हणून विकायला पक्की कडी हवी असते, म्हणून नंतरच्या टोपावर कोणीतरी ती वेल्ड करतं. वेल्डिंगच्या ठिपक्याभोवती रंग जळालेला किंवा ताजा भरलेला दिसतो, आणि आतल्या बाजूला त्या जागी बोट फिरवलं की नवा रंग गुळगुळीत लागतो.

खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांचं पसरट, ताटलीसारखं हेल्मेट, जॉन ब्रॉडीनं १९१५ मध्ये पेटंट घेतलेलं, आणि अमेरिकेचं १९१७ चं तसंच हेल्मेट, हे हॅडफिल्ड या ब्रिटिश धातुतज्ज्ञानं शोधलेल्या मँगनीज पोलादाचं असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही. दुसऱ्या महायुद्धातला एम-१ चा टोपही त्याच जातीच्या पोलादाचा. ब्रॉडीचा अगदी सुरुवातीचा माल साध्या पोलादाचा होता, तेवढा अपवाद सोडून टोपाच्या मध्यावर चुंबक घट्ट बसला तर प्रश्न विचारायला सुरुवात करा. मध्यावरच लावा, कड आणि कड्या वेगळ्या धातूच्या असू शकतात.

ब्रिटिशांच्या निळ्या कापडी हेल्मेटचं, जे १८७८ मध्ये आलं, त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं कारण तिथं फक्त मुकुट बघून काम होतं. सुरुवातीला शिपायांच्या चिन्हावर पलटणीचा नंबर असायचा. १८८१ मध्ये पायदळाची फेररचना झाली, नंबर गेले आणि परगण्यांची नावं आली. मुकुटाचा आकार मात्र बदलला व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारल्यावर, राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या असतात आणि नंतरच्या राजाच्या मुकुटाच्या कमानी गोल फुगीर. आता जुन्या नंबरासोबत राजाचा फुगीर मुकुट असलेलं पायदळातल्या शिपायाचं चिन्ह समोर आलं तर? नंबर आणि तो मुकुट यांच्यात वीस वर्षांचं अंतर आहे. दोन चिन्हांचे तुकडे जोडलेत किंवा नव्यानं ओतलंय, आणि हे कळायला भिंगसुद्धा लागत नाही.

पण हे सगळं लिहिताना दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर लोक उगाच प्रत्येक न जुळणाऱ्या भागाला फसवणूक म्हणतील. सैन्यं स्वतःच भाग बदलायची. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पोलादी टोपांत पुढे १९३१ च्या पद्धतीचं अस्तर बसवून ते पुन्हा वाटले गेले. अमेरिकेनं १९१७ चे टोप १९३६ पासून नवं अस्तर आणि कापडी पट्टा घालून पुन्हा वापरात आणले, त्याला एम-१९१७ए१ असं नावच आहे. नॉर्वेनं युद्धानंतर जर्मन हेल्मेटं रंगवून स्वतःच्या सैन्याला दिली. फ्रान्सची १९१५ ची एड्रियन हेल्मेटं आधी निळसर होती, त्यातली बरीच १९३० च्या दशकात खाकी रंगवली गेली. अशा हेल्मेटात जुना टोप आणि नवं अस्तर हेच खरं असतं, आणि कोणी हौसेनं त्यात पहिल्या महायुद्धाचं अस्तर 'परत' बसवलं तर तोच बिघाड.

मग सैन्यानं केलेला बदल आणि नंतर कपाटात बसून केलेला बदल वेगळा कसा करायचा? थर बघून. त्या एड्रियनचंच घ्या. त्यावर पुढे पत्र्याचं चिन्ह असतं, पायदळाला पेटत्या गोळ्याचं, तोफखान्याला फुलीतल्या तोफांचं, दोन पत्र्याच्या जिभा फटीतून आत घालून वाकवलेलं. टोपाच्या कडेला जिथं टवका उडालाय तिथं खाकीखाली निळा दिसतो. आता चिन्हाची कड बघायची. तिथंही खाकीखाली निळा असेल तर दोघं सुरुवातीपासून सोबत आहेत. चिन्हाला फक्त खाकी असेल तर ते नंतर आलंय, पण खाकी दोघांवरून अखंड गेलेला असेल तर बदल सैन्यातच झालाय, सैनिक एका दलातून दुसऱ्यात गेला असेल, ते त्या हेल्मेटच्या इतिहासातलंच पान आहे. आणि खाकी थर चिन्हाच्या कडेशी तुटलेला असेल, चिन्हाच्या मागे टोपावरही पूर्ण खाकी असेल आणि जिभांची वळणं चकाकत असतील, तर ते चिन्ह तिथं अलीकडे आलंय. तीन शक्यता, तिन्ही एका टवक्यात दिसतात. मी असं एक हेल्मेट हातात घेऊन अर्धा तास नुसता कडेकडेनं बघत बसलो होतो.

अतिनील दिव्याबद्दल लेखात आलंय की पट्टा चमकला म्हणजे नकली. इथं जरा सबुरीनं घ्यायला हवं. आधुनिक धाग्यात आणि साबणाच्या पावडरीत कपडा पांढरा दिसावा म्हणून जी रसायनं घालतात ती त्या दिव्याखाली निळसर चमकतात हे बरोबर, पण कोणी जुना खरा पट्टा घरी पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल. आणि न चमकणारा पट्टा त्याच हेल्मेटचा असेल असंही नाही. दिव्यापेक्षा पट्ट्याची घडी जास्त बोलते, जुना पट्टा जिथं बकलात अडकायचा तिथं कायमचा दबलेला असतो, आणि ती दबलेली जागा या हेल्मेटच्या बकलाशी जुळते का ते बघायचं.

जोडलेलं हेल्मेट टाकून द्यायची वस्तू आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझं सिंहांचं हेल्मेट अजून माझ्याकडे आहे. मी सिंह परत लावले नाहीत, ते शेजारी वेगळे ठेवलेत, मेणाची भोकं तशीच ठेवलीत आणि खाली चिठ्ठीवर लिहिलंय, प्रशियन टोप, मूळ चिन्ह हरवलेलं, बव्हेरियन चिन्ह नंतर लावलेलं. लोक आता ते जास्त वेळ बघतात आणि गरुडाच्या पंखांची ती काळी सावली बघून प्रश्न विचारतात. ज्यांना कोणाला भाग बदलावेच लागतात, तुटलेली पिन असेल, गेलेला पट्टा असेल, त्यांनी बदलावेत, फक्त नव्या भागाच्या आत बारीक खूण करावी आणि काय बदललं ते लिहून ठेवावं, म्हणजे पुढे ज्याच्या हातात ते जाईल त्याच्यावर माझ्यासारखी वेळ येणार नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच. शक्य असेल तर त्या फोटोच्या मालकांना हेल्मेट उलटं करून तीन फोटो काढायला सांगा, एक पुढच्या चिन्हाच्या मागच्या कड्यांचा किंवा नटांचा, एक अणीच्या बुडाच्या खिळ्यांचा आतून, आणि एक मागच्या छज्जाच्या खालच्या बाजूचा, जिथं बहुधा कारखान्याचा किंवा पलटणीचा शिक्का असतो. ते तीन फोटो पुढच्या रविवारी छापा, आणि त्यात जे निघेल त्याप्रमाणे त्या ओळीची दुरुस्ती करा. माझा अंदाज चुकला आणि हेल्मेट खरंच संपूर्ण मूळ निघालं तर मला आनंदच होईल आणि तसं मी तुम्हाला पुन्हा पत्र लिहून कळवीन.

आपला,
एक जुना वाचक आणि हेल्मेट संग्राहक